हातानं केलेली रात्र

"आवं वैनी, दिवेलागणीला सडा? पाव्हणे येणार हायती का काय?"

शेजारच्या साखराबाईंनी कुंपणाच्या तारेवरून विचारलं तेव्हा शिवगंगाचा हात रांगोळीच्या शेवटच्या ओळीवर होता. तिनं मान वर केली. आभाळ उजळायच्या ऐवजी काळवंडत चाललं होतं. थर्मल वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे तांबडे दिवे लागलेले, वसाहतीतली पोरं स्टंपाच्या विटा गोळा करून घराकडे निघालेली, कुणाच्या तरी घरात केबलवर मालिकेचं गाणं सुरू झालेलं. हे सगळं मघापासून चाललंच होतं की! पोरांचा कालवा तिनं ऐकला होता आणि आज शाळा लवकर भरली वाटतं, असं म्हणून सोडून दिला होता. अंगणात ओल्या सड्याचा वास, समोर पांढरीशुभ्र रांगोळी, आणि वरून पडत चाललेली रात्र. सकाळ नव्हतीच ही, संध्याकाळ होती. पण जीभ तिची शाबूत होती. "लक्ष्मी येणार हाय," ती म्हणाली, "लक्ष्मीला काय येळ-काळ?" साखराबाई हसल्या आणि आत गेल्या. शिवगंगानं रांगोळीचा डबा उचलला, हात पदराला पुसले आणि घरात आली.

घरात अप्पा, तिचे मालक, नव्हते. नसणारच. अर्ध्या तासापूर्वी तिनंच त्यांना गदागदा हलवून उठवलं होतं, "उठा, उठा, सहा वाजून गेले, फर्स्ट शिफ्ट हाय!" घड्याळात सहा वाजलेच होते. घड्याळ खोटं बोलत नव्हतं, पण कुठले सहा ते काही त्या मेल्या घड्याळाला सांगता येत नाही. मार्गशीर्षातले दिवस, बाहेर राखेसारखा उजेड, सकाळीही तसाच आणि संध्याकाळीही तसाच. आज शिफ्ट बदलायचा दिवस होता. अप्पा सकाळी शेवटची नाईट करून आले, जेवले, झोपले. उद्या सकाळपासून फर्स्ट. दुपारी तीही जरा आडवी झाली, जरा म्हणता म्हणता डोळा लागला, आणि जाग आली ती एकदम उशीर झाल्याच्या धसक्यानंच. मग काय, चूल, पाणी, चहा, एकच धांदल. अप्पांनी अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन सकाळची पूजा केली. संध्याकाळची पूजा नुसते हातपाय धुऊन होते, सकाळची अंगावर पाणी घेतल्याशिवाय नाही, हा त्यांचा वडिलोपार्जित नेम. मग खाकी कपडे चढवले, चहा घेतला आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले. दिवसभर झोपलेला माणूस दिवस मावळताना सकाळची पूजा करून कामावर गेला, आणि त्याला पाठवणारी ती. कपबशी अजून ओट्यावर होती. तिनं ती धुतली, पुसली आणि जागेवर ठेवून दिली.

शिवगंगाला घड्याळाची गरज कधी नव्हती, हे वसाहतीतलं कुत्रंदेखील सांगेल. अठ्ठावीस वर्षं झाली अप्पांना शिफ्टमध्ये. फर्स्ट, सेकंड, नाईट, आणि पुन्हा पहिल्यापासून, आठवड्याला पान उलटावं तसं. या अठ्ठावीस वर्षांत अप्पा कामावर एकदाही उशिरा गेले नाहीत, आणि त्यांनी उशाशी गजराचं घड्याळ एकदाही ठेवलं नाही. पंडितभाऊंकडे, म्हणजे साखराबाईंच्या मालकांकडे, दोन-दोन घड्याळं ठणाणा करायची आणि तरी माणूस हलायचा नाही. अप्पा म्हणायचे, "आमच्या घरी बिनचावीचं घड्याळ हाय." चारचौघांत म्हणायचे. ती पदर तोंडाला लावून आत जायची, पण आत जाऊन हसायची, आणि त्या दिवशी भाजीला तेलाचा हात जरा सैल सुटायचा.

आणि उठवणं तर सोपंच हो, खरी करामत झोपवण्यात होती. ती उमापूरची. गेवराईच्या अंगाला, गोदेच्या खोऱ्यातलं मोठं गाव. तिच्या लहानपणी तिथं रात्र आयती मिळायची. दिवस बुडाला की अंधार घरात शिरायचा, कंदील त्याला जरासा कोपऱ्यात सरकवायचा, एवढंच. लग्न होऊन परळीला आली तर इथं रात्र नावाची वस्तूच नाही! रस्त्यावर दिवे, थर्मलवर दिवे, पलीकडे राखेच्या ढिगाऱ्यावरसुद्धा दिव्यांची तांबूस झाक. आणि नवऱ्याला रात्र हवी ती भर दुपारी. पहिल्या आठवड्यात अप्पा नाईट करून आले आणि दिवसभर या कुशीवरून त्या कुशीवर तळमळत राहिले. डोळे लालबुंद. तिला वाटलं, हा माणूस साऱ्या मराठवाड्याला उजेड देतो आणि याला ओंजळभर अंधार देणारं कुणी नाही. मग तिनं कंबर कसली. माहेराहून आणलेली काळी घोंगडी खिडकीला ठोकली. दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं. वरच्या झरोक्याला सिमेंटच्या पिशवीचा कागद चिकटवला. नाईटच्या आठवड्यात घरात कुकरची शिट्टी नाही, मिरचीची फोडणी नाही, दळणाचा डबा आपटणं नाही. भाजीवाल्याला लांबूनच हातानं खुणावायची. त्यांची पोरगी शिवकन्या पाळण्यात होती तेव्हापासून हळू रडायला शिकली, असं बाया म्हणायच्या, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि आत शिवगंगा त्या काळोखात बसून गहू निवडायची, बोटांनी, डोळ्यांनी नव्हे. अप्पांचा श्वास एका लयीत लागला की तिला असं भरून यायचं! वसाहतीत म्हणच पडली होती: रात्र दोन ठिकाणी मिळते, एक आभाळात आणि एक अप्पांच्या घरात. तिनं देवळात नवस केले नाहीत, दागिने मागितले नाहीत. हातानं रात्र करता येते, हे तिचं वैभव होतं.

अप्पा परत आले तेव्हा पुरता अंधार पडला होता. सायकल भिंतीला टेकवली, चपला काढल्या, आणि देवळात जाऊन आल्यासारखे खुर्चीवर बसले. ती दारात उभी.  "काय न्हाई," ते आपणच म्हणाले, "डोकं फिरलं माझं. गेलतो गेटपर्यंत. पंडित भेटला, सेकंडला हाय तो. हसला. म्हणला, अप्पा, आजून एक डाव झोपून या." आणि मग तिच्याकडे बघून अगदी सहज म्हणाले, "तू निजलीवतीस. माझं मीच उठलो आन् गेलो." शिवगंगानं तोंड उघडलं. अवं, मी उठवलं की तुमाला! हे वाक्य तिच्या घशापर्यंत आलं. पण अप्पा उठून खाकीचा शर्ट खुंटीला लावायला गेले, आणि वाक्य तिथंच राहिलं. त्यांना खरंच आठवत नाही, असं तिनं धरलं. झोपेतून उठलेल्या माणसाला काय आठवणार. आणि मनातल्या मनात तिनं सुटकेचा श्वास टाकला, त्याची तिला लगोलग लाज वाटली. लाज वाटली तरी श्वास टाकलाच.

पुढचे दिवस तिला कसे गेले ते तिलाच माहीत. गेटवरची गोष्ट वसाहतभर झाली. संध्याकाळी अप्पा भाजी आणायला निघाले की ओट्यावरची तरणी पोरं म्हणायची, "अप्पा, गुड मॉर्निंग!" अप्पाही हात वर करून "गुड मॉर्निंग" म्हणायचे. त्यांना हसता यायचं. तिला येत नव्हतं. कंट्रोल रूममधला, पॅनेलवरचा माणूस तो. सगळ्या काट्यांवर नजर ठेवून बसणारा, एक काटा जरा हलला तर खुर्चीतून निम्मा उठणारा. त्याचं डोकं फिरलं म्हणून पोरंटोरं हसतात, आणि फिरलेलं डोकं खरं कुणाचं, हे फक्त एका बाईला ठाऊक. आता ती दुपारी आडवी पडायची नाही. पहाटे उठवायच्या आधी दार उघडून आभाळ बघायची, मग शुक्राची चांदणी शोधायची, मग दूधवाल्याची वाट बघायची, आणि तरी अप्पांच्या खांद्यावर ठेवायला नेलेला हात मागं घेऊन पुन्हा दाराशी जायची. कोणती सकाळ ही? खरी का? अठ्ठावीस वर्षं जो हात दगडासारखा ठाम होता तो असा मागं सरलेला तिला बघवत नव्हता. साहेबांनी अप्पांना बोलावलं. चांगलं बोलले. म्हणाले, नवी पोरं भरती झालीत, त्यांना शिकवायला जुना माणूस पाहिजे, जनरल शिफ्ट, सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, विचार करून सोमवारी सांगा. बढतीसारखंच बोलले. पण अप्पा घरी आले ते खांदे पाडून. "पॅनेल सोडायचं म्हणजे," ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला निघून गेले.

त्याच आठवड्यात शिवकन्या हैदराबादहून आली. पोरगी तिकडं एका मोठ्या संस्थेत उंदरांच्या मेंदूवर संशोधन करते, एवढं शिवगंगाला माहीत होतं, आणि तेवढ्यावर ती वसाहतीत ताठ मानेनं फिरायची. "उंदीर मारायला एवढं शिकावं लागतं का?" असं कुणी विचारलं तर म्हणायची, "तुमच्या घरचे मारायला न्हाई लागत." पुढच्या महिन्यात पोरगी मोठमोठ्या शास्त्रज्ञांपुढं उभी राहून आपलं काम सांगणार होती, त्याआधी चार दिवस घरी. स्टेशनवरच पंडितकाकांनी तिला गेटची गोष्ट सांगितली होती. ती घरात शिरली तीच कपाळाला आठी घालून. चहा घेतला. मग पिशवीतून एक्स-रेसारखी फिल्म काढली, खिडकीचं घोंगडं बाजूला केलं आणि फिल्म काचेवर धरली. "अप्पा, बघा. आई, तू बी ये."

करड्या रंगाचे पातळ काप दिसत होते, कांद्याच्या चकत्यांएवढे. उंदराच्या मेंदूचे, पोरगी म्हणाली. शिवगंगानं आधी तोंड वाकडं केलं, मग बघायला लागली. प्रत्येक कापाच्या तळाशी, मधोमध, दोन काळे ठिपके. खसखशीच्या दाण्यासारखे, शेजारी शेजारी. शिवकन्या सांगत होती. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर हे ठिकाण. उजेड डोळ्यांत शिरला की इथं वर्दी जाते. इथल्या पेशींमध्ये काही जनुकं अशी असतात, की ती दिवसा कामाला लागतात आणि रात्री गप्प होतात; जिथं ती कामाला लागली तिथं ही फिल्म काळी पडते. हा दिवसाचा काप, हे बघा ठिपके. हा रात्रीचा, बघा, कोरा. "जनुकं म्हंजी?" अप्पांनी विचारलं. पोरीनं आईच्या फळीवरच्या डब्यांकडं बोट केलं. "हे बघा, आईचे डबे. मीठ, मिरची, गूळ, डाळ. सगळ्या पेशींत सगळे डबे असतात. पण सगळे एकदम उघडले तर सैपाक व्हईल का? कोणता डबा कधी उघडायचा आन् कधी झाकायचा, त्याला वेळ असती. ती वेळ हा ठिपका सांगतो." शिवगंगाच्या तोंडून निघून गेलं, "म्हंजी सैपाकघरातली बाईच की ती." शिवकन्या खळखळून हसली. "अगदी बराबर, आई. हे मी तिकडं सांगणार." आणि शिवगंगाचा ऊर भरून आला. पोरगी! हिला आपण अंधारात हळू रडायला शिकवलं, आणि ही उजेडात उभं राहून मेंदूचं गणित सांगते.

मग पोरीनं दुसरी फिल्म धरली. हे उंदीर वेगळ्या खोलीतले. यांचा उजेड-अंधार ती दर थोड्या दिवसांनी उलटापालटा करायची. आज सकाळी दिवा, चार दिवसांनी दुपारी, मग रात्री. शिवगंगानं बघितलं. ठिपके होते, पण उडालेल्या कुंकवासारखे फिके. दिवसाच्या कापात तेवढेच, रात्रीच्या कापातही तेवढेच. दिवस कुठला आणि रात्र कुठली, काही कळेना. "आन् गंमत म्हणजे," पोरगी म्हणाली, पण तिच्या आवाजात गंमत नव्हती, "हा ठिपका नवी वेळ त्यातल्या त्यात लवकर शिकतो. बाकीचा मेंदू मागं राहतो. आठवणीचा भाग एका वेळेला, भुकेचा दुसऱ्या. एकाच डोक्यात वेगवेगळे वार, इथं सोमवार तर तिथं मंगळवार. तोवर मी पुन्हा दिवा बदलते." ती थांबली. "उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावता येत न्हाई, अप्पा. अजून लई शोधायचंय. पण तुमी जे गेटपर्यंत गेलतात ना, ते बघून मला भ्या वाटलं. साहेब म्हणतात तर घ्या ना जनरल. आई, तू सांग त्यांना. तुझंच ऐकतात ते."

अप्पांनी फिल्म हातात घेतली, उजेडाकडं धरली, बराच वेळ बघितली. पोरीच्या हातचं काम ते, त्यांच्या चेहऱ्यावर एकीकडून फुशारकी आणि एकीकडून काहीतरी हरल्यासारखं. "लई झ्याक केलंयस, बाई," ते म्हणाले. पण शिवगंगा फिल्मकडं बघत नव्हती. तिला एकच विचारायचं होतं. जीभ अडखळत होती, तरी तिनं विचारलं, "मी जी रात केली घरात, तिचं काय मग? त्यात झोपलेल्या माणसाचं?" शिवकन्यानं आईकडं बघितलं. लहानपणापासून तिला या घोंगड्याचा वास ओळखीचा होता. "अंधार चांगलाच, आई. तू केलास म्हणून तर अप्पा झोपू शकले. पण सकाळी ते उन्हातून सायकलवर यायचे ना? ते ऊन आधीच डोळ्यांतून आत जाऊन सांगून बसतं, की दिवस उगवला. मग तू कितीबी घोंगडी लाव. आन् आठवडा झाला की सगळं उलटं. शिफ्टची वेळ एकच राहिली असती तर तुझी रात मेंदूनं मानली असती." पोरगी खरं बोलली. खोटं सांगायला तिनं शिकायचं तरी कशाला? पण शिवगंगाला वाटलं, अठ्ठावीस वर्षं आपण चाळणीनं पाणी भरत होतो काय. बोटांनी निवडलेले ते गहू, गिळलेले ते खोकले, शेजारणींशी घेतलेले ते वाद. नवऱ्याच्या डोक्यात एकाच वेळी वेगवेगळे वार चाललेले, आणि दाराच्या फटीत लुगडं कोंबून आपण ऐटीत बसलेलो. ती उठली आणि पिठाच्या डब्याशी उगीच काहीतरी करू लागली.

रविवारी दुपारी जेवणं झाली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पोरीला आवडते म्हणून आंबाडीची भाजी. ऊन अंगणात सरळ पडलं होतं. अप्पा हात धुऊन आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "ठरलं. उद्या साहेबाला हो म्हणतो. फिरलेल्या डोक्याचा माणूस पॅनेलवर बसू न्हाई. इज्जतीत उठलेलं बरं." हे ते हसत म्हणाले.  अठ्ठावीस वर्षांत या माणसाच्या हातून एक काटा चुकला नाही. हा माणूस आपलं डोकं फिरलं असं स्वतःच्या तोंडानं म्हणत पॅनेलवरून उठणार, पोरं मागून गुड मॉर्निंग म्हणणार, आणि चूक केली कुणी? शिवकन्या म्हणत होती, "डोकं फिरलं असं कोण म्हणतंय, अप्पा?" तिचं बोलणं मध्येच तोडून शिवगंगा म्हणाली, "मी उठवलं."

दोघंही तिच्याकडं बघायला लागले. एकदा बांध फुटल्यावर मग ती थांबली नाही. "तुमी न्हाई उठलात. मी उठवलं तुमाला, हलवून. दुपारी माझा डोळा लागला, उठले तर सहा. मला वाटलं सकाळ. सडा घातला, रांगोळी काढली, तुमाला गेटवर मीच धाडलं. तुमचं डोकं ठिकाणावर हाय. फिरलंय ते माझं. इतके दिस बोलले न्हाई, कारण…" कारण तिला सांगता येईना. बिनचावीचं घड्याळ बंद पडलं, हे सांगायची लाज. एवढंच तर तिच्याजवळ होतं. शिवकन्या आईकडं एकटक बघत होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "आई," ती म्हणाली, "अप्पा नाईटला जायचे तेव्हा तू जागी असायचीस. फर्स्टला पहाटे उठायचीस. सेकंडला ते येईपर्यंत जेवायची न्हाईस. आन् दिवसा ते झोपले की तू अंधारात बसायचीस, माझी शाळा, माझा डबा, पाणी, दळण. आई, तू कधी झोपायचीस?" शिवगंगानं आठवायचा प्रयत्न केला. खरंच कधी? तिला एकही वेळ सांगता येईना. "व्हायची की झोप," ती म्हणाली, "अधूनमधून." पोरीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "मी दोन वर्षं उंदरांचे दिवे बदलते," ती म्हणाली, "आन् हे मला एकदाबी सुचलं न्हाई."

अप्पा मात्र खाली बघत होते. त्यांना धक्का बसलेला दिसला नाही. ते जरा खाकरले. "मला ठावं व्हतं," ते म्हणाले.

"काय ठावं व्हतं?"

"तूच उठवलंस ते. आन् संध्याकाळ हाय ते बी. अंघोळीला गेलो, नळ सोडला, तर थेंब न्हाई. आपल्याकडं पाणी येतं सकाळी. तवाच कळालं."

 नळ कोरडा. म्हणजे अंघोळीच्या आधीच. म्हणजे पिंपातलं गार पाणी अंगावर घेताना, विभूती लावताना, लिंग तळहातावर घेऊन सकाळची पूजा करताना, खाकी चढवताना, चहा पिताना, या माणसाला माहीत होतं की बाहेर संध्याकाळ आहे. शिवगंगाचा आवाज चढला. "मंग बोलले कावून न्हाईत? पूजा केली तुमी! सकाळची!"

"देवाला सांगितलं," अप्पा म्हणाले, "आमच्या बाईनं सकाळ म्हणलंय, तवा जरा सांभाळून घे." मग मान वर करून तिच्याकडं बघितलं. "तू अंगणात सडा घालत व्हतीस. इतकी भराभरा, इतकी मनापासून. अठ्ठावीस वर्षांत तू सकाळ म्हणलीस आन् सकाळ न्हवती, असं एकदाबी झालं न्हाई. तुला कसं सांगावं, मला सुदरंना. म्हणलं, चार माणसं मला हसतील तर हसू द्या. तुला कुणी हसलेलं मला न्हाई चालायचं." एवढं लांबलचक बोलायची त्यांना सवय नव्हती. ते घाम आल्यासारखं कपाळ पुसू लागले. "मी आपला गेलो गेटपर्यंत. पंडित हसला. परत आलो."

पोरगी रडत होती. शिवगंगा रडली नाही. तिला आतून इतकं मोठं झाल्यासारखं वाटत होतं की रडायला जागाच उरली नव्हती. काटा न चुकणारा माणूस, साऱ्या वसाहतीत इज्जतीचा माणूस, डोळे उघडे ठेवून, सगळं कळून, संध्याकाळी सकाळचे कपडे घालून हसं करून घ्यायला गेला, कारण सकाळ तिनं म्हटली होती. कोणत्या फिल्मवर हे उमटलं असतं? तिच्या रात्री मेंदूनं मानल्या नसतील. नवऱ्यानं मानल्या होत्या. आणि तिची सकाळही मानली, खोटीसुद्धा. राजाच्या राणीला नसेल असा मान तिला त्या दुपारी पदरात पडल्यासारखा वाटला, आणि तो घ्यायला तिला कसलाही संकोच वाटला नाही. तो तिचा हक्काचा होता.

"उद्या साहेबाला हो म्हणा," ती म्हणाली. "पण डोकं फिरलं म्हणून न्हाई. ते शब्द मी ऐकून घेणार न्हाई."

"मंग काय सांगू?"

 आयुष्यात शिवगंगानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मागताना कसं उभं राहायचं तेही तिला ठाऊक नव्हतं. पण ती ताठच उभी राहिली.

"सांगा, बायकोला झोपायचंय," ती म्हणाली.